विकत घेतलेल्या यंत्रावर हक्क कोणाचा?



ज्या गांवीं माझी सारी नोकरी गेली तें भिवंडी हें मागांचें गांव. कामवारी नदीच्या कांठच्या या गांवांत १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेकडील मोमीन विणकर येऊन स्थायिक झाले, हातमागांच्या जागीं पुढें यंत्रमाग आले, आणि आमच्या शाळेचे वर्ग त्या खटखटाटांतच भरत आले. गणिताच्या तासाला मुलांस मी कितीहि दटावलें तरी वर्गांत शांतता अशी कधीं होत नसे. कारण भिंतीपलीकडचा कारखाना माझ्या आज्ञेंत नव्हता.

हे माग नवेकोरे क्वचितच असत. मुंबईच्या गिरण्यांनीं मोडींत काढलेले माग आमच्याकडे येत. मिस्त्री ते उघडी, गंजलेले भाग घाशी, झिजलेलें दांतेरी चाक आपल्याच गल्लींतील लोहाराकडून करवून घेई. गिरणींत एका लांब फिरत्या दांड्यावरून पट्ट्यानें चालणाऱ्या मागाला तो स्वतंत्र मोटर जोडी, आणि मूळ कारखानदाराच्या मनांतहि आलें नसेल असें कापड त्याच मागावर निघूं लागे. यासाठीं त्यानें कोणाची परवानगी मागितल्याचें मला स्मरत नाहीं. माग मालकाचा, पाना मिस्त्रीचा, आणि बदललेला माग पुन्हां चालूं करण्याचा हक्क त्या दोघांचा. हा हक्क इतका स्वाभाविक होता कीं, त्याला कांहीं नांव द्यावें असें कोणास वाटलेंच नाहीं.

गेल्या वर्षीं मात्र माझा एक जुना विद्यार्थी एक इंग्रजी पुस्तिका घेऊन माझ्या घरीं आला. त्यानें कर्ज काढून दोन नवे रेपियर माग घेतले होते. यांत धोटा नसतो. आणि पूर्वीच्या डॉबीच्या लांकडी पट्ट्या व खुंट्या यांच्या जागीं एक लहानशी पेटी असते. कोणता ताणा केव्हां उचलावा, बाणा तुटला असें केव्हां समजावें, माग केव्हां थांबवावा, हें सर्व त्या पेटींतील आज्ञावली ठरविते. एका नव्या जातीचें बारीक सूत लावल्याबरोबर माग क्षणोक्षणीं थांबूं लागला. सूत तुटलेलें नसे; तें तुटलें असें पेटीला वाटे, इतकेंच! मिस्त्रीनें दोष पहिल्याच दिवशीं ओळखला. जुन्या मागावर त्यानें तो दुपारच्या चहापूर्वीं काढला असता. पण ज्या ठिकाणीं तो आकडा बदलावयाचा तें ठिकाण एका सांकेतिक शब्दाखालीं बंद होतें, आणि तो शब्द विकणाऱ्यांच्या माणसाखेरीज कोणास ठाऊक नव्हता. त्या माणसाला यावयास नऊ दिवस लागले. नऊ दिवस दोन्ही माग उभे. कर्जाचा हप्ता ठरल्या तारखेस गेला. मीटरवर मजुरी घेणाऱ्या कारागिरांचे ते नऊ दिवस मात्र कोणाच्याच वहींत मांडले गेले नाहींत.

“गुरुजी, यांत काय लिहिलें आहे तें एकदां नीट सांगा,” एवढेंच तो म्हणाला.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला. कायद्याचें इंग्रजी मला एका वाचनांत उलगडत नाहीं. तीनदां वाचल्यावर जें समजलें तें असें: लोखंड तुमचें आहे, आज्ञावली तुम्हांस विकलेली नाहीं, ती वापरण्याचा परवाना तेवढा दिला आहे, ती उघडूं नये, बदलूं नये, तिची नक्कल करूं नये. थोडक्यांत, माझ्या विद्यार्थ्यानें माग विकत घेतला होता, पण मागाची बुद्धि भाड्यानें आणली होती.

हा प्रश्न भिवंडीपुरता नाहीं. आपल्या घरांतील दूरचित्रवाणी, खिशांतील दूरध्वनि, दारांतील मोटार, या सर्वांत आतां अशीच एकेक पेटी आहे. म्हणून हा विषय आज आपणांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

आज्ञावली म्हणजे काय, हें मी आमच्या गांवाच्याच भाषेंत सांगतों. फ्रान्समधील लियाँ येथील जकार्ड नांवाच्या विणकरानें १८०४ च्या सुमारास नक्षीचा माग तयार केला. त्याच्या पद्धतींत नक्षीकार प्रथम चौकटीच्या कागदावर नक्षी काढतो. मग त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकें पाडतात. भोंक असेल तेथें धागा उचलला जातो, नसेल तेथें खालीं राहतो. (इंग्लंडांतील चार्ल्स बॅबेज यानें आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यासाठीं भोकांची ही युक्ति याच मागावरून उचलली, तेव्हां संगणकाचें आजोळ विणकराच्या घरीं आहे, असें आम्हीं भिवंडीकरांनीं म्हटल्यास तो फारसा गर्व ठरूं नये.) संगणकाचेंहि तसेंच आहे. मनुष्य लिहितो ती मूळ संहिता म्हणजे चौकटीचा कागद. यंत्रांत घातली जाते ती यंत्रभाषा म्हणजे भोकांचा पुठ्ठा. फरक एवढाच कीं, पुठ्ठ्यावरून कागद पुन्हां मांडणें चिकाटीच्या माणसास साधतें. येथें भोकें कोट्यवधि असल्यामुळें तें जवळजवळ अशक्य होऊन बसतें. आणि नेहमींचा परवाना आपल्या हातीं पुठ्ठा देतो, कागद देत नाहीं.

या व्यवस्थेविरुद्ध पहिली मोठी तक्रार एका छपाईयंत्रावरून झाली. १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या एका प्रयोगशाळेंत रिचर्ड स्टॉलमन नांवाचा तरुण कामास होता. प्रयोगशाळेंतील जुन्या छपाईयंत्राची संहिता त्याच्यापाशीं असल्यामुळें, कागद अडकला कीं वाट पाहणाऱ्यास आपोआप वर्दी मिळावी, अशी सोय त्यानें तींत केली होती. पुढें झेरॉक्स कंपनीचें नवें यंत्र आलें. कागद त्यांतहि अडके. पण त्याची संहिता मिळेना. दुसऱ्या विद्यापीठांतील ज्या संशोधकापाशीं ती होती त्यानें, ‘कोणास न देण्याचें वचन मी देऊन बसलों आहें,’ असें सांगून नकार दिला. आमच्या मिस्त्रीच्या आणि या पंडिताच्या दुःखांत मला तिळमात्र अंतर दिसत नाहीं. दोष दिसतो, उपाय ठाऊक आहे, आणि हात बांधलेले आहेत!

स्टॉलमननें २७ सप्टेंबर १९८३ रोजीं ‘ग्नू’ या नांवानें एक संपूर्ण मुक्त प्रणाली लिहिण्याचा संकल्प जाहीर केला. १९८५ मध्यें त्यासाठीं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था काढली. आणि १९८९ मध्यें ‘जनरल पब्लिक लायसन्स’ हा परवाना प्रसिद्ध केला. त्याच्या मतें कोणतीहि आज्ञावली वापरणारास चार मोकळिकी असाव्यात: ती हव्या त्या कामासाठीं चालविण्याची, तिचा अभ्यास करून ती बदलण्याची, तिच्या प्रती दुसऱ्यास देण्याची, आणि आपण बदललेल्या प्रतीहि देण्याची. युक्ति अशी कीं, यासाठीं त्यानें कायद्याचेंच हत्यार उलट्या बाजूनें धरलें. कॉपीराइट आपल्याकडे ठेवून तो म्हणाला, ‘घ्या, बदला, विकलीत तरी चालेल, परंतु पुढच्यास देतांना कागदासकट द्या, आणि मीं तुम्हांस दिलेली मोकळीक त्यासहि द्या.’ १९९१ मध्यें फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें ‘लिनक्स’ या प्रणालीचा गाभा लिहिला व पुढच्याच वर्षीं तो या परवान्याखालीं आणला. आज जगांतील पुष्कळ दूरध्वनींचा आणि घरगुती पेट्यांचा कारभार या गाभ्यावर चालतो.

येथें एका शब्दाचा घोटाळा दूर करावयास हवा. इंग्रजी भाषेंत ‘फ्री’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात व त्यामुळें तिकडील लोकांना प्रत्येक भाषणांत खुलासा करीत बसावें लागतें. आपल्या मराठींत ‘फुकट’ निराळें आणि ‘मुक्त’ निराळें. मुक्त वस्तु पैसे देऊन घेतली तरी मुक्तच राहते. आणि फुकट मिळालेली वस्तु पूर्णपणें बंदिस्त असूं शकते. मराठी टंकनाच्या फुकट मिळणाऱ्या आज्ञावलींना पुढें किंमत लागल्याचा अनुभव आपणांपैकीं पुष्कळांस असेल. लग्नाच्या पंगतींतील लाडू फुकट असतो; तो करावा कसा हें शिकविणारी आजी निराळी!

आतां आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९८४ च्या दुरुस्तीनें संगणकाच्या आज्ञावलीस ‘साहित्यकृति’ मानण्यांत आलें. मराठीच्या मास्तरास हें वाचून हसूं आल्यावांचून राहत नाहीं. पण त्याच कायद्याचें ५२ वें कलम गंभीरपणें वाचण्यासारखें आहे. आज्ञावलीची प्रत ज्याच्यापाशीं कायदेशीर रीतीनें आहे त्यानें, ती ज्या कामासाठीं दिली गेली त्या कामीं वापरतां यावी म्हणून तिची नक्कल केली किंवा तींत फेरफार केला, तर तो कॉपीराइटचा भंग ठरत नाहीं. ती कशी चालते याचें निरीक्षण व अभ्यास करण्यासहि मुभा आहे. आणि स्वतःच्या खासगी, धंद्याव्यतिरिक्त उपयोगासाठीं बदल करण्यासहि १९९९ च्या दुरुस्तीनें मुभा दिली आहे. हें वाचून माझा विद्यार्थी हर्षित झाला. मला मात्र तितका हर्ष झाला नाहीं. पेटी बदलण्याची कायद्याची आडकाठी नाहीं, हें खरें. पण पेटी बदलण्यासाठीं जो चौकटीचा कागद हवा तो देण्याची सक्तीहि विकणारावर नाहीं. विहिरीवर पाणी भरण्याचा हक्क मिळाला आणि दोर मात्र पाटलाच्या घरीं राहिला, अशी ही गत आहे.

मुक्त परवाना हा तो दोर. तो मिळाला म्हणजे काम झालें, असेंच लोकांस पुष्कळ वर्षें वाटत होतें. परंतु कारखानदारहि बुद्धिमान असतात. १९९९ पासून अमेरिकेंत ‘टिव्हो’ नांवाची एक पेटी विकली जाऊं लागली. दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम साठवून सवडीनें पाहण्यासाठीं ती असे. तिच्यांत लिनक्सचा गाभा होता. परवान्याप्रमाणें कंपनीनें आपण वापरलेली संहिता प्रसिद्ध केली, लपवाछपवी केली नाहीं. कोणीहि ती वाचावी, कोणीहि बदलावी. पण बदललेली संहिता त्याच पेटींत घालूं गेल्यास पेटी प्रथम कंपनीची गुप्त मोहोर तपाशी, आणि ती नसल्यास चालण्याचें नाकारी! म्हणजे नक्षीचा कागद हातीं दिला, पुठ्ठे कापण्याची मुभा दिली, आणि मागाला असें कुलूप घातलें कीं, कारखानदाराच्या कात्रीनें कापलेलाच पुठ्ठा त्यावर चढावा. परवान्याचें अक्षर पाळलें गेलें, अर्थ गेला. बदल करण्याचा हक्क बदललेली वस्तु चालविण्याच्या हक्कावांचून कसा पोकळ असतो, हें या उदाहरणाइतकें स्पष्ट करून दाखविणारें दुसरें उदाहरण मला माहीत नाहीं.

यावर उपाय म्हणून २९ जून २००७ रोजीं त्या परवान्याची तिसरी आवृत्ति निघाली. घरगुती उपयोगाची वस्तु विकतांना तिच्यांत या परवान्याची आज्ञावली घातली, तर संहितेबरोबरच बदललेली प्रत त्याच वस्तूंत बसवून चालविण्यास लागणारी माहिती व किल्लीहि दिली पाहिजे, असें तींत म्हटलें आहे. टोरवाल्ड्स यांस हें पटलें नाहीं. ‘मीं संहिता दिली, तिच्या बदल्यांत मला तुमच्या सुधारणांची संहिता हवी, तुमच्या यंत्राला तुम्ही कुलूप घालावें कीं नाहीं यांत मी पडणार नाहीं,’ अशी त्यांची भूमिका आहे, आणि लिनक्सचा गाभा अद्याप दुसऱ्या आवृत्तीखालींच आहे. त्यांच्या म्हणण्यांत सचोटी आहे. परंतु ते संहिता लिहिणाराच्या जागीं उभे राहून बोलतात. नऊ दिवस उभ्या राहिलेल्या मागापुढें उभे राहून पाहिलें असतां प्रश्न वेगळा दिसतो.

आणि येथेंच मला एक गोष्ट कबूल करावी लागते, जी विद्यार्थ्याला सांगतांना माझी जीभ अडखळली. तिसऱ्या आवृत्तीचें हें संरक्षण घरगुती वस्तूंस आहे. धंद्याच्या यंत्रांस नाहीं. समजा, त्याच्या पेटींत मुक्त परवान्याची आज्ञावली असती, तीहि तिसऱ्या आवृत्तीची असती, तरी किल्ली मागण्याचा हक्क त्याला मिळाला नसता. धंदेवाला शहाणा असतो, तो करारांतच आपलें हित पाहून घेईल, अशा समजुतीनें ही मर्यादा घातलेली दिसते. मोठ्या गिरणीचें ठीक आहे. तिच्यापाशीं वकील असतो. दोन माग कर्जानें घेणारा भिवंडीचा विणकर हा धंदेवाला खरा, पण त्याचें घर आणि कारखाना यांमध्यें बहुधा एकच भिंत असते.

कोणी म्हणेल, जो तो आपल्या यंत्रांत हात घालूं लागला तर अपघात होतील. शंका वाजवी आहे. पण जुना धोटा मागांतून उसळून कारागिराच्या तोंडावर बसल्याचे प्रसंग आम्हीं पाहिले आहेत. म्हणून कोणीं मिस्त्रीच्या हातांतील पाना काढून घेतला नाहीं, मागाला जाळी लावली. शिवाय मीं सांगितलेल्या त्या परवान्यांतहि विक्रेत्यावर अन्याय नाहीं. आपण बदल केला तर हमी व पुढील सेवा देण्यास तो बांधलेला राहत नाहीं, आणि आपल्या बदलानें जाळ्यांतील इतरांस त्रास होत असेल तर तो आपली जोडणीहि तोडूं शकतो. बदल करणारानें जोखीम घ्यावी, हा व्यवहार सरळ आहे.

हक्क असला म्हणजे काय होतें, याचाहि अनुभव मला एकदां आला, तो सांगतों. १९९९ च्या सुमारास मीं शाळेच्या जुन्या नोंदवह्यांवरून गांवांतील घराणीं व त्यांचे धंदे यांविषयींचीं टिपणें संगणकावर उतरविलीं होतीं. दीड-दोनशें पानें असतील. त्या वेळची मराठी टंकनाची आज्ञावली संगणकाच्या पाठीमागें एक लहान किल्ली खोंचल्याशिवाय उघडत नसे. पुढें संगणक बिघडला, नव्यास ती किल्ली बसेना, आणि विकणारांनीं ती आज्ञावलीच बंद करून टाकली होती. टिपणें उघडलीं तर पडद्यावर रोमन अक्षरांचा कचरा! कारण त्या पद्धतींत ‘क’ ला स्वतःचा क्रमांकच नव्हता. एका रोमन अक्षराच्या जागीं ‘क’ चें चित्र बसविलेलें असे. नोंदवह्या तोंपर्यंत वाळवीनें खाल्ल्या होत्या. चार वर्षांचें काम माझ्या डोळ्यांदेखत माझ्याच घरांत कुलुपांत पडलें.

त्याच शाळेंतून शिकून गेलेल्या एका मुलीनें तें सोडविलें. अशा जुन्या लिपींतील मजकूर युनिकोड पद्धतींत आणणारी एक मुक्त आज्ञावली तिला मिळाली. ती दुसऱ्या एका टंकासाठीं लिहिलेली होती. पण संहिता उघडी असल्यामुळें, तींतील अक्षरांचें कोष्टक तिनें माझ्या टंकाप्रमाणें बदललें आणि चालविलें. दोन संध्याकाळीं लागल्या. तिनें कोणाची परवानगी मागितली नाहीं, मिस्त्रीप्रमाणेंच!

टिपणें आतां ज्या अक्षरांत दिसतात तींहि मुक्त आहेत. रेड हॅट कंपनीनें २००४ मध्यें ‘लोहित’ हे टंक मोकळे केले व तिच्या पुण्यांतील अभियंत्यांनीं ते पुढें सांभाळले. मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळीनें ‘मुक्ता’ नांवाचा टंक केला. आज हे दोन्ही ‘ओपन फॉन्ट लायसन्स’ या परवान्याखालीं मिळतात. टंक बदलावा, पुस्तकांत छापावा, दुसऱ्यास द्यावा. फक्त तो एकटा सुटा विकूं नये आणि बदललेला टंकहि याच परवान्याखालीं ठेवावा, अशा त्याच्या अटी आहेत. ही बारीक गोष्ट वाटेल. पण मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांचें वळण हिंदीहून भिन्न आहे, आणि ‘वाऱ्या’, ‘दऱ्या’ या शब्दांतील अर्धा र तर हिंदीस लागतच नाहीं. परक्या टंकांत ही अक्षरें चुकत, तेव्हां दूरच्या कंपनीला मराठीसाठीं सवड होईल या आशेवर आपण बसत असूं. उघडा टंक असला म्हणजे आपलें अक्षर आपल्याला नीट करतां येतें.

सरकारनेंहि हें सर्वस्वी दुर्लक्षिलेलें नाहीं. आपल्या कार्यालयांत मुक्त संहितेच्या आज्ञावलींचा स्वीकार करण्याचें धोरण केंद्र सरकारनें २०१५ मध्यें जाहीर केलें. आणि पवईच्या आय. आय. टी. नें अशा आज्ञावली शिकविणारे पाठ मराठींतहि तयार केले आहेत. मागांच्या पेट्यांपर्यंत मात्र यांतील कांहीं पोंचलेलें नाहीं.

माझा वेळ संपत आला आहे. विद्यार्थ्याची हकीकत पुरी करतों. त्याला यंदा आणखी दोन माग घ्यावयाचे आहेत. आम्हीं दोघांनीं बसून विक्रेत्यांसाठीं तीन वाक्यांचें एक पत्र तयार केलें. पेटींतील आज्ञावलीची संहिता, निदान सुताप्रमाणें बदलावयाच्या आकड्यांपुरती, खरेदीबरोबर मिळावी. बदललेली आज्ञावली पेटींत बसविण्याची किल्ली मालकाच्या हातीं असावी. आणि आम्हीं बदल केल्यास तेवढ्या भागाची हमी आम्हीं सोडूं. तीन विक्रेत्यांस पत्र गेलें. दोघांनीं, असें कोणी मागत नाहीं, असें तोंडींच सांगितलें. तिसऱ्यानें मुख्य कचेरीस विचारून कळवितों, असें लिहिलें आहे. तें उत्तर यावयाचें आहे. आणि तोंपर्यंत मिस्त्रीनें गोदामांतील एक जुना डॉबीचा माग काढून त्याला तेलपाणी केलें आहे.